जहाजाचं नाव राहू द्या, जिल्हा शोधा: बाबांचे नौदलातले सोबती शोधून देणाऱ्या सेवांचं परीक्षण

आपल्याकडे नौदलातून निवृत्त झालेला माणूसही गावासाठी 'मिलिटरीवाले काका'च असतो. पारावर विषय निघतो तो काश्मीरचा, फार तर कामठी-पुलगावचा. बॉयलर रूमचा उकाडा, मेस डेकवरची (नौसैनिकांच्या राहण्या-जेवण्याच्या जागेतली) दाटी, दिवे मालवून काढलेल्या रात्री हे ऐकून 'हो का' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'तेव्हा वॉच (पाळीची ड्यूटी) कोणाकडे होता?' असं विचारणारा मात्र समृद्धी महामार्गानं ७०१ किलोमीटर तोडून मुंबई गाठली तरी सहज भेटत नाही. तो बसलाय कोट्टायमला, विजयनगरमला, छपऱ्याला, रोहतकला. १९७१ मध्ये जे विशीत होते ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे हे काम 'सोयाबीन निघालं की बघू' म्हणत पुढे ढकलण्यासारखं नाही.

हे सोबती शोधायला आज ज्या सेवा आहेत, सरकारी, फुकट, फेसबुकवरच्या आणि पैसे घेणाऱ्याही, त्यांचा हा हिशेब. खेड्यात राहणाऱ्या मुलासुनांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय.

निकाल आधीच सांगून टाकतो. सगळ्यात कामाची सेवा म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पण आपल्या जिल्ह्याचं नव्हे, ज्याला शोधायचंय त्याच्या जिल्ह्याचं. म्हणून सगळी मेहनत त्या माणसाचा जिल्हा काढण्यात घालायची. बहुतेक घरं उलटं करतात. जहाजाचं नाव इंटरनेटवर टाकतात आणि दोन दिवसांत कंटाळतात.

जहाजाचं नाव का फसवतं

नौदलात जहाज जातं, नाव परत येतं. जुनी 'खुकरी' ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडाली, तिच्यावरचे १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्याच नावाची दुसरी 'खुकरी' १९८९ मध्ये आली आणि २०२१ मध्ये निवृत्त झाली. 'किल्तान' ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री क्षेपणास्त्र नौकांबरोबर कराचीकडे गेली होती, आजची 'किल्तान' २०१७ ची आहे. 'ब्रह्मपुत्रा' तेव्हा पूर्वेकडे होती, आजची २००० सालची. 'विक्रांत' तर सगळ्यांनाच माहीत आहे: जुनी १९९७ मध्ये निवृत्त, नवी २ सप्टेंबर २०२२ ला दाखल. म्हणून फेसबुकवर 'आयएनएस किल्तान' टाकलं की बाबांच्या नातवाच्या वयाची पोरं समोर येतात. ती चांगली असतात, नमस्कारही करतात, पण त्यांना १९७१ चा स्टोकर (बॉयलर सांभाळणारा) कुठून माहीत असणार?

दुसरी गफलत याहून नेहमीची. नौदलात किनाऱ्यावरच्या ठाण्यांच्या नावालाही 'आयएनएस' लागतं. 'आयएनएस शिवाजी' लोणावळ्याला आहे, 'वलसुरा' जामनगरला, 'वेंदुरुथी' कोचीला, 'हमला' मुंबईत मालाडला. यांतलं एकही पाण्यात तरंगत नाही. बाबांच्या कागदावर 'शिवाजी' दिसलं म्हणजे ते इंजिनिअरिंग शाखेचं शिक्षण. पण ही नोंद फालतू समजू नका. जहाजावरची माणसं बदलत राहतात, शिक्षणाची बॅच मात्र एकाच वेळची, एकाच ट्रेडची (कामाच्या प्रकाराची) आणि जवळपास एकाच वयाची असते. बॅचमेट सापडला की तो पुढचे चार सांगतो.

जहाज केवढं होतं यावरही शोधाची रीत ठरते. 'निपात', 'निर्घात', 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांवर तीसेक माणसं, सगळे सगळ्यांना ओळखणारे. एक सापडला की जिवंत असलेल्या बहुतेकांची खबर लागते. जुन्या 'विक्रांत'वर हजाराच्या वर माणसं होती. तिथं नुसतं 'विक्रांतवर होते' म्हणणं म्हणजे 'अमरावतीत राहत होते' म्हणण्यासारखं. तिथं विभाग सांगावा लागतो: इंजिन रूम, बॉयलर रूम, फ्लाइट डेक, गॅली (स्वयंपाकघर), सिग्नल. जमलं तर मेसही.

सुरुवात लोखंडी पेटीपासून

कोणत्याही कार्यालयात जाण्याआधी माळ्यावरची पेटी उतरवा. तिच्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, डिस्चार्जचे कागद आणि सेवा प्रमाणपत्र. त्यात बाबांचा नौदलाचा नंबर असतो, आकडे आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. ते शेवटचं अक्षर घरचे लोक हमखास गाळतात आणि मग पत्र अडकतं. नंबर अक्षरासकट उतरवा. त्याच कागदांवर कोणत्या जहाजावर किंवा ठाण्यावर कधीपासून कधीपर्यंत होते, तेही बघा.

दुसरी, पदकं. बाबांना साल आणि किनारा यांत घोळ होत असेल तर पदक घोळ करत नाही. १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार. त्याच काळातलं संग्राम मेडल वेगळं. १९६५ चे असतील तर समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. नाव आणि नंबर गोल पदकाच्या कडेवर, स्टार असेल तर पाठीमागे कोरलेला असतो. दर २६ जानेवारीला ब्रासोनं घासून अक्षरं पुसट झालेली असतात. आता आणखी घासू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरा, कोरीव अक्षरांची सावली पडते आणि वाचता येतं.

तिसरी गोष्ट फोटो, आणि इथं घाई नको. ग्रुप फोटो अल्बमच्या चिकट पानावर बसलेला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर निघून येतो. पानासकट तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे न्या आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करायला सांगा. सुटा असेल तर मागची बाजूही स्कॅन करा, नावं बहुधा तिथेच पेन्सिलीनं लिहिलेली असतात. मोबाईलनं काढायचा असेल तर फ्लॅश बंद, ओसरीच्या सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास, फोन फोटोला समांतर धरून.

मग स्कॅन मोठा करून बघा. टोपीच्या पट्टीवर काही वेळा जहाजाचं नाव असतं, काही वेळा नुसतं नौदलाचं. पुढे ठेवलेल्या लाईफबॉयवर (बुडत्याला फेकायच्या गोल कड्यावर) नाव दिसू शकतं. मागे जहाजाचं अंग दिसत असेल तर त्यावरचा नंबर वाचा: जुनी 'खुकरी' एफ १४९, जुनी 'विक्रांत' आर ११. बाह्यांवर बघा. डाव्या बाहीवर एक नांगर म्हणजे लीडिंग रेट, एकमेकांवर फुलीसारखे दोन नांगर म्हणजे त्याच्या वरचा पेटी ऑफिसर. ट्रेडचं चिन्ह उजव्या बाहीवर. एवढ्यावरून फोटो साधारण कोणत्या सालचा हे बाबा स्वतःच सांगू लागतात, 'तेव्हा मी किलिक झालो नव्हतो' असं. लीडिंग रेटला नौदलात 'किलिक' म्हणतात, ते कोणाचं आडनाव नाही. तसंच 'बफर' आणि 'कॉक्सन' ही पदं आहेत. बाबा वर्षानुवर्षं ज्या बफरच्या गोष्टी सांगत आले त्याचं खरं नाव त्यांना आठवेलच असं नाही.

फोटोवर पेननं खुणा करू नका. वर बटर पेपर ठेवून डोक्यांची वर्तुळं काढा, आकडे टाका आणि बाबांसमोर बसून आकड्यापुढे नाव लिहा. एका बैठकीत चार-पाच नावांपेक्षा जास्त नको. नाव आठवलं नाही तर जागा मोकळी सोडा. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आठवतं.

जिल्हा कसा काढायचा

'त्याचं गाव कोणतं?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'केरळचा होता.' केरळात १४ जिल्हे आहेत. नुसता 'नायर' शोधणं म्हणजे आपल्याकडे नुसता 'देशमुख' शोधणं. त्यापेक्षा विचारा: सुट्टीवर निघाला की कोणत्या गाडीत बसायचा? उतरायचा कुठं? गाव विसरलेल्या माणसाला स्टेशन आठवतं, कारण सुट्टीच्या रेल्वे वॉरंटवर (सरकारी प्रवासाच्या कागदावर) स्टेशनचं नाव असायचं आणि ते महिनाभर आधीपासून मेस डेकवर घोळलं जायचं. घरून परत येताना काय आणायचा, देव कोणता मानायचा, पत्र कोणत्या लिपीत लिहायचा, शिवी कोणत्या भाषेत द्यायचा, हे सगळं कामाचं.

स्टेशन मिळालं की आजचा जिल्हा बघा, तेव्हाचा नव्हे. आपल्याकडे गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. तसंच तिकडेही झालंय. विजयनगरम १९७९ चा, पथनमथिट्टा १९८२ चा. बाबा 'श्रीकाकुलम' म्हणत असतील तर विजयनगरमलाही एक पत्र टाकायचं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय: त्याच्या जिल्ह्याचं (१० पैकी ८)

देशभरातल्या जिल्हा सैनिक कार्यालयांचे पत्ते केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर मिळतात. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांची नोंदणी याच कार्यालयांत होते. त्यामुळे माणूस हयात नसला तरी घर सापडायची शक्यता इथंच सगळ्यात जास्त.

पत्र अर्ध्या पानाचं, इंग्रजीत किंवा हिंदीत, बाबांच्या सहीचं. आधी बाबांचं नाव, नंबर, शेवटचं पद, ट्रेड. मग सोबत्याची जेवढी माहिती असेल तेवढी: आडनाव, हाक मारायचं नाव, ट्रेड, जहाज, साल, स्टेशन. ग्रुप फोटोची झेरॉक्स, त्याच्या डोक्याभोवती वर्तुळ. सोबत आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. स्पीड पोस्टनं पाठवा, म्हणजे पोचल्याचं मोबाईलवर कळतं.

सगळं पत्र एका वाक्यावर उभं असतं: 'आम्हाला त्यांचा पत्ता देऊ नका, आमचा नंबर त्यांना द्या.' दुसऱ्याचा पत्ता किंवा फोन मागितला की कारकुनाचे हात बांधलेले असतात. ती खासगी माहिती आहे आणि माहिती अधिकारातही कलम ८(१)(ञ) खाली नाकारली जाते. आरटीआय टाकून वर्ष घालवणारे आहेत, तिकडे जाऊ नका. पण निरोप पोचवायला कोणाची ना नसते. एक फोन करायचा, एवढंच त्यांचं काम उरतं. ते वाक्य पत्राच्या शेवटी न घालता पहिल्या चार ओळींत घाला.

महिनाभरानं फोन करा, सकाळी अकराच्या सुमारास, आणि पत्राची तारीख सांगा. साहेबांनाच मागू नका. नोंदणीचं रजिस्टर ज्याच्या टेबलावर असतं तो माणूस मागा. दोन गुण कापले ते यासाठी की सगळं त्या एका माणसाच्या उत्साहावर चालतं. उलट टपाली उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही.

आपल्या जिल्ह्याचं कार्यालय (१० पैकी ६)

कोट्टायमचा नायर इथं सापडणार नाही, पण शेजारच्या तालुक्यातला नौदलवाला सापडेल. विदर्भात माजी सैनिक म्हटलं की बहुतेक भूदलाचे. मेळाव्यात नौदलाचा माणूस कोपऱ्यात चहा पिऊन घरी येतो. म्हणून जाताना स्पष्ट सांगा: 'नौदलाचे जे नोंदलेले आहेत त्यांना आमचा नंबर द्या.' कल्याण संघटक तालुक्याच्या दौऱ्यावर येतात तेव्हा भेटलं तर जिल्ह्याची फेरी वाचते. बाबांची नोंदणीच झालेली नसेल, आणि खेड्यात असं बरंच असतं, तर डिस्चार्जचे मूळ कागद, त्यांच्या दोन झेरॉक्स, आधार आणि पासपोर्ट फोटो घेऊन ती आधी करून घ्या. ओळखपत्र तिथूनच मिळतं. मूळ कागद दाखवून परत घ्यायचे, ठेवून यायचे नाहीत.

नौदल दिन ४ डिसेंबर, ध्वज दिन ७ डिसेंबर, विजय दिवस १६ डिसेंबर, माजी सैनिक दिन १४ जानेवारी. हे दिवस लागोपाठ येतात आणि एरवी घरातून न निघणारी माणसं तेव्हा बाहेर पडतात. नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी जोरात असते आणि गाडी कोण नेणार यावर घरात बोलणी होतात. एकच दिवस जमणार असेल तर ध्वज दिनाचा जिल्ह्याचा कार्यक्रम धरा.

मानखुर्दचं ब्यूरो ऑफ सेलर्स

मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पातलं हे कार्यालय नौसैनिकांचे अभिलेख सांभाळतं. (अधिकाऱ्यांचं काम दिल्लीहून चालतं.) स्वतःच्या नोंदींसाठी याला पूर्ण गुण, सोबती शोधण्यासाठी निम्मे. बाबांचे कागद वाळवीनं खाल्ले असतील, पुरात गेले असतील, तर कोणत्या जहाजावर कधी होते हे विचारायची हीच जागा. अर्ज बाबांच्या नावानं आणि त्यांच्याच सहीचा हवा. मुलाच्या सहीचा अर्ज परत येतो, कारण माहिती त्याची नाही. हात थरथरतो म्हणून सही जुन्या सहीशी जुळत नसेल तर सही किंवा अंगठा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून साक्षांकित करून घ्या. पोस्टात टाकण्याआधी करायचं हे काम लोक नंतर करतात आणि दोन महिने घालवतात.

दुसऱ्यासाठीचं पत्र 'कृपया पुढे पाठवावे' म्हणून उघड्या पाकिटात जोडता येतं. पाठवणं न पाठवणं त्यांच्या हातात. पेन्शनरचा आजचा पत्ता बदललेला असतो ही अडचण वेगळीच.

एक गोष्ट समजून घ्या, नाही तर निम्मी माणसं का सापडत नाहीत हे कोडं सुटत नाही. त्या काळी पुष्कळ जण दहा वर्षांच्या करारावर भरती झाले होते. दहा वर्षं नोकरी, पुढे दहा वर्षं फ्लीट रिझर्व्ह (गरज पडली तर परत बोलावण्यासाठी राखीव), अशी रचना. १९७६ मध्ये रिझर्व्हमध्ये घेणं बंद झालं आणि बरेच जण पेन्शनशिवाय घरी गेले. त्यांच्या विशेष पेन्शनचा वाद पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. असा माणूस पेन्शनच्या यादीत नाही, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेच्या) यादीतही नाही. तो नंतर बँकेत, बंदरात, व्यापारी जहाजांवर लागला. त्याला शोधायला बॅचमेटची आठवण आणि त्याचं गाव एवढ्याच दोन वाटा. बाबांना विचारा, 'तो पेन्शन घेऊन आला की दहा वर्षांत सुटला?' या उत्तरावर कोणत्या कार्यालयाला पत्र टाकायचं ते ठरतं.

पॉलिक्लिनिकचा बाक

ईसीएचएस ही औषधपाण्याची सोय, २००३ पासूनची. सोबती शोधून देणं तिचं कामच नाही, तरी जवळपासचे नौदलवाले भेटायला हिच्यासारखी जागा नाही. महिन्याची बीपी-शुगरची औषधं घ्यायला सगळे येतात आणि बाकावर दोन तास बसतात. ऑफिसर-इन-चार्जची परवानगी घेऊन एक पान भिंतीवर लावा. मोठ्या अक्षरात चारच ओळी: 'नौदल, १९७१', जहाज, ट्रेड, मोबाईल. नाव नसलं तरी चालेल, नौदलाचा नंबर तर नकोच. नागपूरजवळ असाल तर एनसीसीच्या नेव्हल युनिटमध्येही चौकशी करा. तिथले इन्स्ट्रक्टर सेवेतले नौसैनिक असतात, त्यांना सध्याचे माजी नौसैनिकांचे गट माहीत असतात.

फेसबुक आणि व्हॉट्सॲप

फेसबुक १० पैकी ४. जहाजाच्या नावामुळे होणारी गफलत वर सांगितलीच. तरी टाकायचंच असेल तर साल पहिल्या ओळीत, ट्रेड दुसऱ्या ओळीत आणि फोटोत वर्तुळ. सोबत्याच्या आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे लिहा, कारण शोधणारा बहुधा त्याचा मुलगा असतो आणि तो आपलं स्पेलिंग टाकून शोधतो.

काय टाकू नये ते जास्त महत्त्वाचं. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो टाकू नका, त्यावर जन्मतारीख, नंबर, सगळं असतं. पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर कुठंही नको. अशी पोस्ट पडली की आठवड्याभरात 'स्पर्शमधून (सैन्यदलांच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) बोलतोय, लाईफ सर्टिफिकेट अडलंय, ओटीपी सांगा' असा फोन येऊ शकतो. नोव्हेंबरात तर खासच, कारण हयातीचा दाखला त्याच महिन्यात द्यायचा असतो आणि म्हातारा माणूस तेव्हा धास्तावलेला असतो. घरात एक नियम करून टाका: ओटीपी विचारणारा तो सोबती नाही, आणि सोबती ओटीपी विचारत नाही.

व्हॉट्सॲपचा ग्रुप चांगला, पण बाबांच्या फोनवर नको. रोजच्या शंभर सुप्रभातांत ज्याचा निरोप हवा तो बुडतो आणि आठ दिवसांत फोनची जागा संपते. ग्रुप सुनेच्या किंवा नातवाच्या फोनवर ठेवा, फोटो आपोआप उतरणं बंद करा आणि कामाचा निरोप तेवढा बाबांना ऐकवा. व्हॉइस मेसेज पुन्हा पुन्हा ऐकता येतो हा फायदा. पण त्याचा वेग वाढवता येतो, कमी करता येत नाही, ही म्हाताऱ्या कानांची अडचण कोणी ध्यानात घेतलेली नाही.

पैसे घेऊन 'माजी सैनिक शोधून देतो' म्हणणारे: शून्य. ज्या याद्या ते दाखवतात त्या एक तर उघड असतात, नाही तर चोरलेल्या.

ऐकू येण्याची बाजू

सगळं जमतं, नंबर मिळतो, फोन लागतो आणि दोघं एकमेकांना 'हॅलो, हॅलो' करत राहतात. इंजिन रूम किंवा तोफेजवळ वर्षं काढलेल्या माणसाचे वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. 'स', 'श', 'फ', 'त' ऐकू येत नाहीत. आवाज येतो, शब्द लागत नाही. नुसतं मोठ्यानं बोलून उपयोग नसतो.

कानामागे बसणारं यंत्र असेल तर फोन कानाच्या भोकाला नव्हे, कानाच्या वरच्या टोकाला धरायचा, कारण यंत्राचा मायक्रोफोन तिथं असतो. भोकाला दाबून धरला की शिट्टी वाजते आणि बाबा यंत्रच काढून ठेवतात. बटण सेल झिंक-एअरचा असतो, यंत्राप्रमाणे १३ नंबरचा नारिंगी टिकलीचा किंवा ६७५ नंबरचा निळ्या टिकलीचा. टिकली काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग बसवा, त्याला हवा लागते. टिकली परत चिकटवून सेल वाचत नाही. फोनच्या दिवशी नवा सेल.

यंत्र नसेल तर स्पीकरवर, पण पंखा बंद करून. फोन स्टीलच्या ताटाजवळ, टीव्हीजवळ नको, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. व्हिडिओ कॉल सगळ्यात बरा, ओठ दिसले की अर्धे शब्द लागतात. त्यासाठी उजेड तोंडावर हवा. खिडकी पाठीमागे असली तर समोरच्याला काळी आकृतीच दिसते. घरात रेंज जिथं येते ती जागा आधी बघून ठेवा. लाईन गेली की वायफाय जातं आणि थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो, म्हणून लाईनचं वेळापत्रक बघून वेळ ठरवा. सकाळी सात-साडेसात बहुतेकांना जमतं.

पहिला फोन

तो आधी मुलांनी मुलांशी करायचा. तिकडे तब्येत कशी आहे, ओळख पटेल का, बाबांना ज्यांची चौकशी करायचीय त्यांतलं कोण कोण गेलं, हे आधी विचारून ठेवा. नाही तर पहिल्याच मिनिटाला तीन मयतींच्या बातम्या येतात आणि बाबा फोन खाली ठेवतात. 'खुकरी'चा विषय आपण काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकायचं.

पहिलं बोलणं दहा-पंधरा मिनिटांचं. बाबांच्या हातात तीन प्रश्न लिहिलेला कागद द्या. भाषा त्यांची ती ठरवतील, बहुधा जहाजावरची हिंदी. घरात वऱ्हाडी बोलणारा माणूस एकदम 'क्या बे' वर येतो, तेव्हा मध्ये बोलून समजावून सांगत बसू नका. तारखाही दुरुस्त करू नका. दोघांनी दोन वेगळ्या तारखा सांगितल्या तर त्यावरच अर्धा तास चालतो, तो चालू द्यावा.

सोबती गेलेला असेल तर त्याच्या बायकोशी किंवा मुलाशी बोलणं व्हावंच. ग्रुप फोटोची एक चांगली प्रिंट त्या पत्त्यावर पाठवा. तिकडे तो फोटो नसण्याचीच शक्यता जास्त.

गाठीभेटीसाठी एखादी जागा ठरवायची असेल तर दीवला 'खुकरी'चं स्मारक आहे. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर युद्धस्मारक आहे आणि 'कुरसुरा' पाणबुडीचं संग्रहालयही. पाणबुडीच्या आतले दरवाजे गोल आणि अरुंद आहेत, पाय उचलून वाकून जावं लागतं. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी ती बाहेरून बघावी आणि बाकावर बसावं. दोघांच्या मधलं स्टेशन धरून भेटणं त्याहून सोपं पडतं.

नंबर मिळाला की तो फोनमध्ये 'नायर अंकल' म्हणून साठवू नका. 'नायर स्टोकर विक्रांत' असा साठवा आणि त्याचा जुना, टोपीतला फोटो लावा. फोन वाजला की बाबांना तेच नाव आणि तोच चेहरा ओळखू येतो. शिवाय तो नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. नातू फोन बदलतो तेव्हा पहिल्यांदा असेच नंबर जातात.